दुमडीतलं शिसं

पाळकसाहेब दुकानात आले, खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत, आणि भिंतीवरच्या बटणांच्या बरण्या जन्मात पहिल्यांदा पाहिल्यासारख्या न्याहाळू लागले. टेलरबाईंनी तेव्हाच ओळखलं की हे ताकाला येऊन भांडं लपवताहेत.

"बोला," मशीनवरचा पाय काढत त्या म्हणाल्या. "झगा हवाय ना? कोणाचा बाप्तिस्मा?"

"येत्या रविवारी. या वेळी एकच आहे." पाळकसाहेबांनी एक बरणी उचलली आणि परत जागेवर ठेवली. "नदीपलीकडची आहे. तुम्ही ओळखता तिला."

नदीपलीकडची एकच बाई टेलरबाईंच्या ओळखीची होती. गेली बावीस वर्षं त्या तिला 'पलीकडची' एवढंच म्हणत आल्या होत्या, आणि घरात तेवढ्याने भागत होतं. कोण पलीकडची, असं कोणी विचारत नसे.

टेलरबाईंचा नवरा प्लंबर होता. पुलाच्या त्या बाजूला वेगळे लोक राहतात, त्यांची भाषा वेगळी, कपडे वेगळे. तिकडे त्याला बरीच कामं मिळू लागली आणि तो गुरुवारी जाऊन शनिवारी रात्री परतू लागला. तिकडे फार गळती आहे, म्हणायचा. गळती कुठली ते टेलरबाईंना सहा महिन्यांनी कळलं. मग भांडी आपटून झाली, माहेरी जाऊन झालं, परत येऊन झालं. नवरा दोन्हीकडे मान खाली घालून राहिला आणि आठवड्याची वाटणी जशी होती तशीच राहिली. दुखणं मात्र त्याने इकडे आणलं. शेवटचं दीड वर्ष तो टेलरबाईंच्या खाटेवर होता, तिथेच त्याला पश्चात्ताप झाला, चर्चच्या हौदात उतरून त्याने बाप्तिस्मा घेतला आणि तीन महिन्यांनी तो गेला. दफनभूमीत टेलरबाईंनी त्याच्यासाठी मुद्दाम भिंतीलगतची जागा मागून घेतली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला त्यांची स्वतःची राखलेली जागा. मध्ये कोणी शिरायचं म्हटलं तरी शिरणार कुठून?

आणि वर स्वर्गात तर प्रश्नच नव्हता. पलीकडची त्यांच्या चर्चच्या मंडळीतली नव्हतीच. इतकी वर्षं टेलरबाईंनी आपला आठवडा तिच्याशी वाटून घेतला होता तो याच एका हिशेबावर की पुढे अनंतकाळ पडलाय आणि त्यात गुरुवार ते शनिवार नाही. वर नवरा-बायको असं काही नसतं, असं पाळकसाहेबांनी एकदा प्रवचनात सांगितलं होतं. टेलरबाईंनी ते ऐकून घेतलं होतं, मानलं नव्हतं.

"तिला?" टेलरबाई म्हणाल्या. "तिला कशाला?"

"म्हणजे काय कशाला? वर्षभर येतेय ती पलीकडच्या सभेला. तारण सगळ्या लोकांसाठी आहे, बाई. इकडच्यांसाठी, तिकडच्यांसाठी, कोणत्याही भाषेच्या माणसासाठी. आणि तो व्यासपीठावरचा पडदा… त्यावर 'सर्वांसाठी' हा शब्द कोणी भरलाय?"

"मी भरलाय. भरताना मला कोणी विचारलं होतं का, कोणाकोणासाठी?"

पाळकसाहेब हसले, पण लगेच त्यांनी हसू आवरलं. ते म्हणाले, "उद्या माप द्यायला येईल. नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. मी बाजारातून तयार झगा आणतो."

बाजारातून! या मंडळीत बाप्तिस्म्याचा प्रत्येक झगा टेलरबाईंच्या मशीनवर शिवला जायचा. झगा ज्याचा त्याला मिळायचा. तो घडी घालून जपून ठेवायचा आणि अखेरीस तोच अंगावर घालून मातीत जायचं, अशी त्यांची रीत होती. त्यात बाजारचा झगा? सवत झाली म्हणून काय झालं?

"पाठवा," टेलरबाई म्हणाल्या.

रात्रभर त्या मनाशी हिशेब मांडत राहिल्या. पडद्यावरचा शब्द त्यांचा, पलीकडच्या सभेसाठी शिवून दिलेल्या चादरी त्यांच्या, आणि सगळ्या लोकांना तारण मिळो या प्रार्थनेला सगळ्यांत मोठ्याने म्हटलेलं 'आमेन' त्यांचं. आपलेच दात, आपलेच ओठ. सगळे लोक म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे दूरदूरचे, न पाहिलेले, गरीब बिचारे लोक असायचे. पूल ओलांडून बारा मिनिटांवर राहणारी बाई त्यांत कधी आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती आली. उंबऱ्यात चपला काढून, हात पुढे बांधून उभी राहिली. टेलरबाईंनी तिला याआधी तीनदा पाहिलं होतं, तिन्ही वेळा लांबून. जवळून ती लांबून दिसली त्यापेक्षा वाईट दिसेल अशी त्यांची आशा होती. तीही फोल ठरली.

"हात वर कर," टेप उलगडत त्या म्हणाल्या.

माप घेणं म्हणजे माणसाला मिठी मारण्याच्या एक बोट अलीकडचा प्रकार. खांदा, छाती, बाही. कंबरेशी आल्यावर टेलरबाईंनी टेप मागून पुढे आणली आणि आकडा पाहून तळपायाची आग मस्तकाला गेली. एकोणतीस. पन्नाशीच्या बाईला एकोणतीस! त्यांनी टेप जरा सैल केली आणि वहीत एकतीस लिहिलं. मग झगा ढगळ होईल, लोक शिवणाऱ्याला नावं ठेवतील, म्हणून एकतीस खोडून एकोणतीस लिहिलं. तेवढं लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

"त्याच्यासाठीच येतेस ना आमच्यात?" टेलरबाईंनी तिच्या पाठीला विचारलं. तोंडावर विचारलं नाही.

पलीकडचीने हात खाली घेतले. इकडची भाषा ती शब्द वेचून बोलायची. "आधी हो," ती म्हणाली. "ते कुठे गेले ते बघायला आले. मला वाटलं, हे तुमच्या लोकांचं. माझं काय काम? पाळकसाहेब म्हणाले, तुमचंही आहे. तुमच्या भाषेत बोललं तरी तो ऐकतो म्हणाले. आमची भाषा कोण ऐकतं, ताई? बाजारात सुद्धा कोणी ऐकत नाही. मग मी बोलून बघितलं." तिने मान वळवली. "आता माझ्यासाठी येते."

'ताई' ऐकून टेलरबाईंच्या हातातला खडू थबकला.

"एक सांगू? वर गेल्यावर मी दाराजवळ बसेन. तुमच्या दोघांच्या मध्ये येणार नाही. तुम्ही काळजी करू नका."

घ्या! म्हणजे चांगुलपणातही हीच पुढे. एक वेळ ही भांडली असती, रडली असती, तर टेलरबाईंनी तिला पाणी तरी विचारलं असतं. कानामागून आली आणि तिखट झाली, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. ही तर गोडही होऊन बसली. "शनिवारी झगा चर्चमध्ये पोचेल," असं म्हणून टेलरबाईंनी तिला वाटेला लावलं.

झगा दोन दिवसांत झाला. राहिली ती शेवटची गोष्ट, म्हणजे शिसं.

पूर्वी झग्यांच्या खालच्या दुमडीत काही घालत नसत. वीस वर्षांपूर्वी शाळेतल्या एक शिक्षिका हौदात उतरल्या आणि त्यांचा झगा पाण्यावर छत्रीसारखा उघडला. बायका हसल्या, पुरुषांनी माना फिरवल्या, पण थोड्या उशिराने फिरवल्या. त्या शिक्षिका पुन्हा कधी चर्चच्या दारात दिसल्या नाहीत. टेलरबाईंना ते फार लागलं. घरी येऊन त्या नवऱ्यासमोर बोलल्या, म्हणजे भिंतीकडे तोंड करून बोलल्या, कारण तेव्हा अबोला होता. पुढच्या रविवारी त्याने खिशातून एक पुडी काढली आणि मशीनवर ठेवली. आत शिशाच्या आठ चकत्या होत्या. जुनी नळी ठोकून चपटी केलेली, प्रत्येक चकतीची कड कानशीने घासून गुळगुळीत केलेली. माफी मागायची ही त्याची तऱ्हा, असं टेलरबाईंनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं आणि अबोला सोडला.

तेव्हापासून, वजनाने झगा पाण्यात खाली राहावा म्हणून, त्याच आठ चकत्या प्रत्येक झग्याच्या दुमडीत जात. बाप्तिस्मा झाला की त्याच दिवशी उसवून काढायच्या, पुसायच्या, डबीत ठेवायच्या. आठातली एक का कोण जाणे जाड होती. ती नेहमी मागच्या बाजूला लावावी लागे. अख्ख्या मंडळीची अब्रू वीस वर्षं त्या आठ चकत्यांनी सांभाळली होती. शेवटी नवरा हौदात उतरला तेव्हा त्याच्याही पायाशी त्याच होत्या. नवऱ्याने आपल्यासाठी म्हणून हातांनी केलेली दुसरी वस्तू टेलरबाईंकडे नव्हती.

आणि त्या हिच्या दुमडीत शिवायच्या?

सुईत दोरा ओवून टेलरबाई अर्धा तास बसल्या. डबी उघडली, मिटली. मी काही तिला अडवत नाही, त्या मनाशी म्हणाल्या. बाप्तिस्मा घे, तारण घे, स्वर्ग घे. ज्याचं त्याने दिलंय, मी कोण? पण शिसं माझं आहे. ते मी देत नाही. काय होईल ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. शिक्षिकेचा चेहरा अजून त्यांच्या डोळ्यांपुढे होता. पण ठाऊक असलेल्या गोष्टीकडे पाठ करून बसता येतं, आणि त्या तशा बसल्या. रिकामी दुमड शिवून, इस्त्री करून त्यांनी झगा पाठवून दिला. डबी पर्समध्ये टाकली.

रविवारी त्या पहिल्या रांगेत बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. शेजारी त्यांची नणंद होती. ती कानाशी लागून म्हणाली, "वहिनी, तुमची कमाल आहे. मी असते तर झग्यात सुया ठेवल्या असत्या."

"गप्प बसा," टेलरबाई म्हणाल्या. पर्समधलं शिसं त्यांना मांडीला लागत होतं.

पलीकडची बाजूच्या दारातून आली. झगा अंगावर असा बसला होता की तिचा राग करता करता टेलरबाईंना आपल्या बाहीच्या कापाचं कौतुक वाटून गेलं. ती हौदाची पहिली पायरी उतरली, दुसरी उतरली. पाणी गुडघ्याला लागलं तशी दुमड वर आली. आधी पुढून, मग सगळीकडून. तिने ती एका हाताने दाबली तर दुसऱ्या बाजूने उठली. दोन्ही हात छातीवर घ्यायचे असतात, पाळकसाहेबांनी तसं शिकवलेलं असतं. ते हौदात हात पुढे करून थांबले होते आणि हिचे हात पाण्यात झगा शोधत होते.

मागे कोणीतरी खुदकन हसलं. नणंदेने तोंडाला रुमाल लावला.

हाच तो क्षण, ज्याच्यासाठी टेलरबाई दोन दिवस जळत बसल्या होत्या. आता ती मागे फिरेल, पायऱ्या चढेल, पूल ओलांडून जाईल आणि पुन्हा येणार नाही. ना इथे, ना वर.

पलीकडची वळली खरी, पण दाराकडे नाही. तिने पहिल्या रांगेत शोधलं. बाकांवरच्या एवढ्या माणसांत तिच्या ओळखीचं एकच माणूस होतं.

"ताई," ती म्हणाली, दुकानात कंबर ढिली झाल्याचं सांगावं इतक्या साधेपणाने, "वर येतंय."

त्या बोलण्यात संशय नव्हता. टेलरबाईंना तो असता तर बरं वाटलं असतं. त्या उठल्या. आधी कोण उठलं, शिवणारी की सवत, हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. चपलांसकट त्या हौदाच्या पायऱ्या उतरल्या, पाणी पोटापर्यंत आलं, थंडीने दात वाजले. वाकून त्यांनी दोन्ही मुठींत झग्याची दुमड धरली आणि पलीकडचीच्या गुडघ्यांशी आवळून दाबली.

"हात छातीवर घे," त्या खालून ओरडल्या. "मी धरलंय."

पाळकसाहेबांनी शब्द उच्चारले आणि तिला मागे झुकवून पाण्यात नेलं. हौद लहान, लाट आली ती टेलरबाईंच्या डोक्यावरून गेली. त्या गुदमरल्या, नाकातोंडात पाणी गेलं, पण मुठी सोडल्या नाहीत. वर आल्यावर त्यांना दिसलं की मंडळीत कोणी हसत नव्हतं. नणंदसुद्धा.

हौदामागच्या खोलीत दोघी टॉवेलात गुंडाळून बाकावर बसल्या. केसांतलं पाणी फरशीवर टपकत होतं. पलीकडचीने झग्याची दुमड बोटांनी चाचपली.

"यात काहीतरी असतं ना, ताई? घालायला विसरलात का?"

"विसरले नाही," टेलरबाई म्हणाल्या. हो म्हटलं असतं तर सुटल्या असत्या. "मुद्दाम घातलं नाही. त्या शिशाच्या चकत्या त्याने माझ्यासाठी केलेल्या आहेत. तुला द्यायच्या नव्हत्या."

पलीकडचीने दुमड मांडीवर पसरली. मग तिने विचारलं, "एक जाड आहे ना त्यातली?"

टेलरबाईंनी मान वर केली.

"माझ्या दारात बसून केल्या त्या. दोन दिवस. माझा नळ गळत होता, वर्ष झालं होतं. प्लंबर घरात आणि नळ गळतोय. मी म्हटलं, नळ बघा. तर हे कानशीने शिसं घासत बसलेले. मी म्हटलं, एवढं काय घासता? तर म्हणाले, कड राहिली तर तिचं कापड फाटेल." तिने ओठ दाबले. "माझ्यासाठी त्यांनी कधी काही घासलं नाही, ताई. मला इतका मत्सर वाटला तुमचा. एक उचलली आणि विहिरीत फेकली. त्यांनी पुन्हा नळी ठोकली. दुसरी केली, घाईत. ती जाड झाली."

बावीस वर्षं टेलरबाई दुसऱ्याच्या ताटाकडे बघून जळत होत्या. त्यांच्या ताटाकडे बघून कोणी जळत असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना रडू आलं. आणि खरं सांगायचं तर, रडता रडता त्यांना जरा बरंही वाटलं.

"नळ," नाक पुसत त्या म्हणाल्या, "आमच्याकडचाही गळतच होता."

पलीकडचीने त्यांच्याकडे पाहिलं. मग दोघी इतक्या हसल्या की पाळकसाहेबांनी बाहेरून दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना?

झगा वाळवून, इस्त्री करून देते म्हणून टेलरबाई घरी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तो मशीनच्या टेबलावर पसरला, दुमडीची मागची बाजू उसवली आणि डबी उघडली. आठ चकत्या ओळीने मांडल्या. जाड चकती हातात घेऊन त्यांनी तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. घाईत केलेली होती, तरी कड गुळगुळीत होती.

ती त्यांनी दुमडीत घातली आणि दुहेरी दोऱ्याने, कोणाला उसवता येणार नाही इतकी पक्की शिवली. झगा आता तिच्याबरोबर मातीत जाईपर्यंत ती तिथेच राहायची. मंडळीचं काम यापुढे साताने भागवावं लागेल, भागेल.

नणंद दारात उभी राहून बघत होती. "वहिनी, ती चकती तिला दिलीत? दादाच्या हातची? इतकं मोठं मन कधी झालं तुमचं?"

टेलरबाईंनी दोरा दाताने तोडला. सुंभ जळाला तरी पीळ असा एका दिवसात जातो थोडाच.

"मोठं कसलं," त्या म्हणाल्या. "वर जाताना तिच्या पायाशी जरा वजन असू दे. तेवढ्यात मी पुढे पोचते." त्यांनी झग्याची घडी घातली, त्यावरून हात फिरवला आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि दाराजवळ कशाला बसेल? तिच्यासाठी जागा धरून ठेवेन. त्याच्या शेजारी नाही. माझ्या."